महाराष्ट्रातली नर्स, जर्मनीतलं गाव: पहिल्या कागदापासून उर्कुंडेपर्यंतचा माझा अनुभव

जर्मनीत नर्स म्हणून आलेल्या कुणालाही गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: “सगळं मिळून किती लागले?” कुणी चार लाख सांगतं, कुणी सहा. ऐकणाराही ते मुकाट्याने मान्य करतो, कारण परदेशी नोकरी म्हणजे आधी पैसे मोजायचे हे आपल्याकडे गृहीतच असतं. तिथेच पहिली चूक होते. भरतीचा खर्च नोकरी देणाऱ्याने करायचा, नोकरी शोधणाऱ्याकडून घ्यायचा नाही, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं तत्त्व आहे. परदेशातून नर्स आणणाऱ्या जर्मन संस्थांना ‘न्याय्य भरती’चं जे सरकारी गुणचिन्ह मिळतं, त्याचा पायाही हाच. ‘नैतिक भरती’ हा शब्द भारी वाटतो, पण त्याची परीक्षा साधी आहे: पैसा कुणाच्या खिशातून जातो, मूळ कागद कुणाच्या कपाटात राहतात आणि सरकारी निर्णयाची प्रत तुमच्या हातात येते की नाही.

मी जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीचा डिप्लोमा केलेली. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातल्या श्वेबिशे आल्ब या पठारावरच्या एका लहान रुग्णालयात मी मान्यतेची, म्हणजे भारतातलं नर्सिंगचं शिक्षण जर्मनीत ग्राह्य धरून उर्कुंडे (नर्स म्हणून काम करायचा अधिकृत परवाना) मिळवण्याची, पूर्ण प्रक्रिया पार केली. माझी कहाणी इथे सांगत बसणार नाही. कुठे काय लागतं, काय अडतं आणि का अडतं, तेवढंच लिहिते. इतर राज्यांत कार्यालयांची नावं बदलतात, चौकट तीच राहते.

आधी एजंटाबद्दल. आखाती देशांसह १८ देशांसाठी भारतात एमिग्रेशन क्लिअरन्सची, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधीच्या सरकारी मंजुरीची, व्यवस्था आहे आणि त्या देशांत जाणाऱ्या नर्सना, पासपोर्ट ईसीएनआर (एरवी अशी मंजुरी न लागणारा) असला तरी, ती लागते. जर्मनी त्या यादीत नाही. म्हणजे निघताना तुमचा करार कुणी सरकारी अधिकारी तपासत नाही, ती तपासणी तुम्हालाच करावी लागते. भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी हवी. तो क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर दोन मिनिटांत पडताळता येतो. नोंदणीकृत एजंटालाही ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. भाषेचे क्लास चालवणारे आणि ‘व्हिसा कन्सल्टन्सी’चे फलक लावणारे बहुतेक जण या नोंदणीत नसतात. ते फी ‘कोर्स’ म्हणून दाखवतात आणि नोकरीचा शब्द तोंडी देतात. क्लासची फी भरायला हरकत नाही, पण ती क्लासची आहे हे पावतीवर लिहून घ्या. नोकरी, व्हिसा किंवा ‘फाइल’ यांच्या नावाने मागितलेला रुपया देऊ नका.

दोन गोष्टींना तर कधीच हो म्हणू नका. एक, सही केलेला कोरा चेक किंवा मजकूर न वाचता सही केलेला स्टॅम्पपेपर. दुसरी, मूळ गुणपत्रिका आणि नोंदणी प्रमाणपत्र ‘सुरक्षिततेसाठी’ ऑफिसात ठेवणं. ही सुरक्षितता त्यांची असते, तुमची नव्हे. मूळ कागद तिकडे असले की मध्येच माघार घेता येत नाही, दुसऱ्या ठिकाणी अर्जही करता येत नाही. कामाला लागतात त्या साक्षांकित प्रती आणि स्कॅन. मूळ कागद दाखवायचे, तपासून झाले की परत घ्यायचे.

भारत आणि जर्मनीत स्थलांतराचा करार ५ डिसेंबर २०२२ रोजी झाला. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग यांच्यातला कुशल मनुष्यबळाचा करार फेब्रुवारी २०२४ मधला. या करारांमुळे दार उघडलं, पण त्यांचं नाव घेऊन पैसे मागणारेही वाढले. ‘सरकारी कोट्यातली जागा’ असं कुणी म्हणालं, तर सरकारी पत्र मागा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीची आचारसंहिता केली. ज्या देशांत आधीच माणसं कमी आहेत तिथून खेचून नेऊ नका, हा तिचा गाभा. २०२३ च्या यादीत असे ५५ देश आहेत. भारत त्यात नाही, त्यामुळे इथून भरतीला अडसर नाही. तरी माझं मत असं की सरकारी सेवेत असाल तर बंधपत्राची वर्षं पूर्ण करा, नोटीस द्या, वॉर्ड रीतसर सोपवून या. आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयातली एक नर्स अचानक गेली, तर रात्रपाळीला दुसरी कुणी नसते. जर्मनीतल्या खेड्याची गरज खरी आहे, तशी ती गरजही खरी आहे.

आता कागद. सगळ्यात जास्त महिने इथेच जातात, आणि ते कुणा अधिकाऱ्यामुळे नाही, आपल्या नावामुळे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. नर्सिंगच्या डिप्लोम्यावर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. कौन्सिलच्या नोंदणीवर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं. जर्मन कार्यालयात नावाचे दोनच रकाने असतात, आणि तिथल्या माणसाला मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं हे कळायचं काही कारण नाही. त्याच्या दृष्टीने त्या तीन वेगवेगळ्या बाया असतात. यावर उपाय अर्ज करण्याआधीच करायचा: विवाह प्रमाणपत्र, नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रातली प्रसिद्धी, आणि सगळी रूपं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र. या तिन्हींचं जर्मन भाषांतर इतर कागदांबरोबर जोडायचं. राजपत्राशिवायचं नुसतं प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी परत येतं. मी तरी त्याच्यावर विसंबायला सांगणार नाही.

जन्मदाखला काढला की आणखी एक गोष्ट दिसते. ग्रामपंचायतीच्या जुन्या नोंदीत बाळाचं नावच नसतं. ‘मुलगी’, आई-वडील, तारीख, संपलं. नाव समाविष्ट करायचा अर्ज जिथे जन्माची नोंद झाली तिथेच द्यावा लागतो, आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. हे काम भाषेचा पहिला तास सुरू होण्याच्या आधी हातात घ्या.

दुसरा मोठा कागद म्हणजे तासांचा तक्ता. जर्मनीतलं तीन वर्षांचं नर्सिंग शिक्षण २,१०० तास वर्गात आणि २,५०० तास प्रत्यक्ष कामाचं आहे. तुमचं शिक्षण त्याच्याशी तासागणिक ताडून पाहतात. आपल्या कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट बहुधा विषय आणि गुण एवढंच सांगतं. गुण तिथे कुणी बघत नाही. हवं ते असं: प्रत्येक विषयाचे थिअरीचे तास, प्रत्येक विभागातल्या क्लिनिकल पोस्टिंगचे तास, कोणत्या वर्षात, प्राचार्यांची सही, शिक्का, तारीख. जीएनएमवाल्यांनी कॉलेज आणि परीक्षा मंडळ, बीएस्सीवाल्यांनी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, असा पाठपुरावा करायचा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणी चालू असल्याचा दाखला आणि गुड स्टँडिंग, म्हणजे तुमच्यावर कारवाई नसल्याचा दाखला, वेगळं घ्यायचं. नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल तर आधी ते.

अनुभवाचा दाखला हा तिसरा. “यांनी आमच्याकडे स्टाफ नर्स म्हणून काम केले, वर्तणूक चांगली होती” या वाक्याचा तिथे उपयोग शून्य. कामाचा अनुभव शिक्षणातली तूट भरून काढू शकतो, पण त्यासाठी दाखल्यात वॉर्ड, तिथल्या तारखा, आठवड्याचे तास आणि प्रत्यक्ष कामं लिहिलेली हवीत: जखमेची मलमपट्टी, औषधं देणं, अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल, नातेवाइकांना शिकवणं. आपल्याकडच्या शिक्षणात कमी भरतात ते बहुधा वृद्धांची शुश्रूषा आणि घरी जाऊन द्यायची सेवा यांचे तास. त्या प्रकारचं काम कुठे केलं असेल तर ते ठळक लिहून घ्या. मसुदा स्वतः तयार करून मेट्रनकडे नेला की काम लवकर होतं.

भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराचंच चालतं, आणि मागच्या बाजूचा शिक्कासुद्धा भाषांतरात यावा लागतो. प्रतींच्या साक्षांकनाला भारतातल्या नोटरीचा शिक्का पुरेल असं धरून चालू नका. संबंधित कार्यालयाला आधी लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा.

भाषेबद्दल थोडक्यात. पातळ्या ए१ पासून चढत जातात; नर्सचा संबंध बी१ आणि त्यावरची बी२ यांच्याशी. ग्योटे संस्थेच्या अंदाजानुसार बी१ पर्यंत ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० आणि बी२ पर्यंत ६०० ते ८०० तास लागतात. नोकरी सांभाळून वर्षभरात बी२ होईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पुण्या-मुंबईच्या मॅक्समुलर भवनात, म्हणजे ग्योटे संस्थेच्याच शाखेत, होणाऱ्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग आहेत, प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत, आणि राहिलेला भाग पुन्हा देता येतो. बहुतेकांचं श्रवण राहतं, कारण क्लासमध्ये व्याकरण लिहून घेतात, ऐकवत नाहीत. व्हिसाच्या वेळी प्रमाणपत्र एका वर्षाच्या आतलं असलेलं बरं. फार आधी परीक्षा देऊन ठेवली आणि कागद लांबले, तर तीच परीक्षा पुन्हा द्यायची वेळ येते. माझा सल्ला, भारतात बी२ करूनच निघा. बी१ वर येता येतं, पण गावात आठ तासांच्या पाळीनंतर संध्याकाळचा क्लास सापडत नाही, सापडला तर पंचवीस किलोमीटरवर असतो.

मान्यतेचा अर्ज ज्या राज्यात काम करणार तिथल्या कार्यालयाकडे जातो. बाडेन-व्युर्टेंबर्गसाठी ते श्टुटगार्टच्या प्रशासकीय विभागात, म्हणजे रेगीरुंग्सप्रेझीडियुममध्ये आहे. कागद तपासून येणाऱ्या निर्णयपत्रात तुमच्या शिक्षणातली तूट लिहिलेली असते. ती भरायचे दोन मार्ग: आनपासुंग्सलेअरगांग (अनुकूलन), म्हणजे ठरावीक महिने वेगवेगळ्या विभागांत देखरेखीखाली काम आणि शेवटी एक मुलाखत, किंवा केन्टनिसप्र्युफुंग, म्हणजे परीक्षा. १ जानेवारी २०२४ पासून एक सोय झाली आहे: शिक्षणाची तपशीलवार तुलना नको, मी थेट परीक्षा किंवा अनुकूलन घेते, असं लिहून देता येतं. कॉलेज बंद पडलं असेल किंवा तासांचा तक्ता मिळतच नसेल, तर ही सोय खरोखर उपयोगी आहे, कित्येक महिने वाचतात. पण कागद भक्कम असतील, अनुभव मोठा असेल, तर तुलना होऊ द्या. तूट कमी निघाली तर अनुकूलनाचे महिने कमी होतात. हा निर्णय तुमचा आहे. बऱ्याचदा एजंट स्वतःच्या सोयीने परस्पर टिक करून टाकतो.

घाई असेल तर मालकाने जलद प्रक्रिया निवडावी. तिचं शुल्क ४११ युरो, मालक भरतो. कागद पूर्ण असले तर मान्यता कार्यालयाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. जर्मनीतल्या परदेशी नागरिक कार्यालयाची व्हिसासाठी पूर्वसंमती आली की व्हिसाची भेट तीन आठवड्यांत आणि पूर्ण अर्जावर निर्णय त्यापुढच्या तीन आठवड्यांत अपेक्षित असतो. या प्रक्रियेसाठी तुम्ही मालकाला मुखत्यारपत्र देता. त्यात एक ओळ घालून घ्या: माझ्या नावाने येणाऱ्या प्रत्येक निर्णयाची प्रत मला मिळेल. निर्णयपत्र तुमच्या नावाचं असतं. ते हातात असलं तर मालक बदलला तरी त्याच राज्यात पुढे चालता येतं. नसलं तर पुन्हा पहिल्यापासून.

करार. इथे घाई करू नका, कारण खेड्यातल्या नोकरीत शहरातल्यापेक्षा चार गोष्टी जास्त लिहून घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट पगार. उर्कुंडे हातात येईपर्यंत तुम्ही सहायक असता आणि पगारही सहायकाचा. वृद्धाश्रम आणि घरपोच सेवा यांच्यासाठी जर्मनीत वेगळं किमान वेतन आहे: जुलै २०२५ पासून अप्रशिक्षित सहायकाला तासाला १६.१० युरो, प्रशिक्षित सहायकाला १७.३५ आणि पूर्ण पात्र नर्सला २०.५०. रुग्णालयांना ते लागू नाही, तिथे सामूहिक वेतनकरार बघायचा. महिन्याचे १६७ तास धरले तर पहिल्या आणि शेवटच्या दरात सुमारे ७३५ युरोंचा फरक पडतो. मान्यता एक महिना लांबली की एवढं नुकसान तुमचं होतं, आणि तेवढीच बचत मालकाची. सगळे मालक तसा विचार करतात असं नाही, पण म्हणूनच करारात परीक्षेच्या तयारीचा वर्ग कधी सुरू होणार त्याची तारीख, त्याची फी कोण देणार, आणि वर्गाचे तास कामाचे धरले जाणार का, हे लिहिलेलं हवं. “आल्यावर बघू” म्हणजे वर्षभर सहायक.

लहान रुग्णालयात आणखी एक अडचण असते. अनुकूलनासाठी लागणारे सगळे विभाग तिथे नसतात. बालरोग नसतो, कधी शस्त्रक्रियाही नसते. मग जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात काही आठवडे जावं लागतं. तसा समझोता आधीच झालेला आहे का, हे मुलाखतीतच विचारा. नसेल तर परीक्षेचा मार्ग घ्या.

दुसरी गोष्ट परतफेड, म्हणजे नोकरी लवकर सोडली तर मालकाने केलेला खर्च परत मागणारं कलम. “तीन वर्षांच्या आत सोडलं तर १०,००० युरो भरा” असं एकाच आकड्याचं कलम दिसलं तर सही करू नका. कशाचे किती पैसे हे स्पष्ट नसलेली, महिन्यागणिक रक्कम कमी न होणारी, किंवा मालकाच्या चुकीमुळे सोडलं तरी वसूल करणारी कलमं जर्मन कामगार न्यायालयांत टिकणं अवघड आहे. पण ते कोर्टात जाऊ शकणाऱ्यासाठी. नवख्या नर्सला ते कलम वाचूनच धडकी भरते आणि ती वाईट जागीसुद्धा राहते.

तिसरी गोष्ट घर, चौथी वाहन, आणि गावात या दोन्ही एकमेकींना बांधलेल्या असतात. पहाटेची पाळी सहाच्या सुमारास सुरू होते. अनेक गावांत त्या वेळेला बस नसते, रविवारी तर दुपारपर्यंत नसते. देशभर चालणारा मासिक पास जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंचा झाला आहे, पण बसच नसेल तर पास काय कामाचा. म्हणून घर कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे का, भाडं किती, ते पगारातून कापणार का, नोकरी सुटली तर घर किती दिवसांत सोडायचं, हे सगळं लेखी घ्या. घरपोच सेवेत नेमणूक असेल तर गाडी चालवणं हाच कामाचा भाग आहे. भारतीय परवाना राहायला आल्यापासून सहा महिने चालतो. मग लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, लेखी इंग्रजीत देता येते. परवाना भारतात, निघण्यापूर्वी काढलेला असला तर ड्रायव्हिंग स्कूलच्या तासांची सक्ती नसते, पण बर्फात आणि उजव्या बाजूने चालवायचं म्हणजे थोडे तास घ्यावेतच. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवानाही घेऊन निघा.

व्हिसात फारसं शिकण्यासारखं नाही. मान्यतेसाठीचा व्हिसा जर्मन निवास कायद्याच्या कलम १६ डी खालचा, शुल्क ७५ युरो, भेट मुंबईत. करारातला पदनाम, निर्णयपत्रातला मार्ग आणि अर्जातला हेतू हे तिन्ही जुळायला हवेत. अर्जात ‘नर्स’ आणि करारात ‘मान्यतेच्या प्रक्रियेतील सहायक’ असं झालं की प्रश्न विचारतात. १ जुलै २०२५ पासून नकाराविरुद्ध दूतावासाकडे फेरविचार मागायची सोय बंद झाली आहे. आता नव्याने अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं. म्हणून अर्ज एकदाच, पण पूर्ण द्या.

निघण्यापूर्वी लसी. जर्मनीत आरोग्यसेवेत काम करायला गोवराच्या दोन मात्रांचा पुरावा किंवा रक्तातली प्रतिकारशक्ती दाखवणारा अहवाल लागतो. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड क्वचितच सापडतं. आयजीजी तपासणी करा, नाहीतर एमएमआरच्या दोन मात्रा किमान चार आठवड्यांच्या अंतराने घ्या आणि बॅच क्रमांकासह दाखला घ्या. हे राहिलं तर पहिल्या दिवशीच वॉर्डात पाऊल ठेवू देत नाहीत.

पोहोचल्यावर दोन आठवड्यांत राटहाउसमध्ये, म्हणजे गावच्या नगरकचेरीत, पत्त्याची नोंद करायची. घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ही नोंद झाल्यावर करक्रमांक टपालाने येतो. तो मालकाला मिळेपर्यंत पगारातून सहाव्या वर्गाने, म्हणजे सगळ्यात जास्त, कर कापला जाऊ शकतो. पहिला पगार हातात कमी आला तर घाबरू नका, नंतर हिशेब होतो. एरवीही एकट्या माणसाच्या एकूण पगारातला साधारण तिसरा हिस्सा कर आणि विम्यांत जातो. गावाकडे किती पाठवायचे याचं गणित एकूण पगारावर करू नका. राहण्याच्या परवान्यासाठी जिल्ह्याच्या गावी लांडराट्सआम्टमध्ये, म्हणजे जिल्हा प्रशासनाच्या कार्यालयात, जायचं. भेट लवकर मिळत नाही, म्हणून व्हिसाची मुदत संपण्याच्या कितीतरी आधी लेखी अर्ज करून पोच घ्या.

‘फेअर इंटेग्रात्सिओन’ नावाची मोफत सल्लाकेंद्रं प्रत्येक राज्यात आहेत. पगार, करार, पाळ्या, काढून टाकण्याची धमकी, सगळ्यावर सल्ला देतात आणि मालकाला कळवत नाहीत. जानेवारी २०२६ पासून परदेशातून माणूस आणणाऱ्या मालकाने या केंद्रांची माहिती पहिल्या दिवशी लेखी देणं बंधनकारक आहे. दिली नाही तर स्वतः शोधा.

कामाचं स्वरूप आधी समजून घ्या, नाहीतर पहिले तीन महिने अपमान वाटत राहतो. आंघोळ घालणं, तोंड धुणं, जेवण भरवणं, डायपर बदलणं हे तिथे नर्सचं काम आहे. तिथे नातेवाईक उशाशी बसलेला नसतो, मावशीही नसतात. उलट शिरेत सुई लावणं हे मूळचं डॉक्टरांचं काम, त्यांनी सोपवलं तरच तुमचं. पण गरज ओळखणं, शुश्रूषेची योजना करणं आणि तिचा परिणाम तपासणं ही कामं २०२० पासून लागू असलेल्या कायद्याने फक्त पात्र नर्ससाठी राखून ठेवली आहेत. कातडी बघत आंघोळ घालणं आणि नुसती आंघोळ घालणं यातला फरक तिथे शिकवला जातो, आणि तो शिकण्यासारखाच आहे.

आणि बोली. बी२ चं जर्मन घेऊन आल्ब पठारावर आलात की म्हाताऱ्या रुग्णांचं बोलणं अर्धंअधिक डोक्यावरून जातं. न कळलेला शब्द तुम्ही परत विचारता. धोका असतो तो कळल्यासारख्या वाटणाऱ्या शब्दांत. ‘फूस’ म्हणजे पाऊल असं पुस्तकात शिकवतात. इथल्या श्वाबियन बोलीत फूस म्हणजे कंबरेपासून खाली सगळा पाय. पडलेली आजी “फूस दुखतो” म्हणते, तुम्ही घोटा तपासता, आणि मोडलेला असतो खुबा. ‘टेपिश’ म्हणजे गालिचा, तिथे मात्र लोकरीचं पांघरूण. थंडी वाजतेय म्हणून टेपिश मागणारा माणूस भ्रमात नसतो, त्याची तशी नोंद करू नका. ‘हेबन’ म्हणजे उचलणं, तिथे धरणं. “मला हेब” म्हणणाऱ्याला उचलायला गेलात तर तुमची पाठ जाते. त्याला फक्त आधार हवा असतो. ‘श्नाउफन’ म्हणजे श्वास घेणं. “श्नाउफन होत नाही” ऐकलं की आधी ऑक्सिजनची पातळी बघा, शब्दकोश नंतर. खिशात छोटी वही ठेवा, रोजचे पाच शब्द, हँडओव्हरला सहकाऱ्यांना विचारून. असा बोलीचा वर्ग देणारं रुग्णालय असेल तर ती चांगल्या मालकाची खूण समजा.

परीक्षेचे दोन भाग. तोंडी ४५ ते ६० मिनिटांची. प्रत्यक्ष भागात दोन ते चार शुश्रूषा-प्रसंग, प्रत्येक १२० मिनिटांपर्यंत, खऱ्या रुग्णांवर. योजना लिहायची, रुग्णाची माहिती सांगायची, काम करायचं, मग स्वतःच्या कामाचं परीक्षण तोंडाने मांडायचं. प्रत्येक भाग एकदाच परत देता येतो. आपल्या मुली वैद्यकीय ज्ञानात क्वचित कमी पडतात. गुण जातात ते असे: हात लावण्याआधी रुग्णाला काय करणार ते सांगितलं नाही. हात ३० सेकंद पूर्ण निर्जंतुक केले नाहीत. रुग्णाला स्वतःचं तोंड पुसता येत असताना ते आपणच पुसलं. हे शेवटचं आपल्याला प्रेमाचं वाटतं, परीक्षकाला ते रुग्णाची उरलेली ताकद काढून घेणं वाटतं. परीक्षणात “सगळं छान झालं” म्हटलं तरी गुण जातात. कुठे चुकलं आणि पुढच्या वेळी काय करेन, हे त्यांना ऐकायचं असतं. तयारीच्या महिन्यांत रोज एका रुग्णाची योजना हाताने लिहून वरिष्ठ सहकाऱ्याला दाखवायची. माझ्या मते वर्गातल्या सगळ्या तासांपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

निकालानंतर उर्कुंडे आपोआप येत नाही, तिचा वेगळा अर्ज करायचा: बी२, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, आरोग्याचा दाखला. शेवटचे दोन ताजे लागतात, म्हणून फार आधी काढू नका. उर्कुंडे ज्या दिवशी हातात येते त्याच दिवशी तिची प्रत मनुष्यबळ विभागाला द्या आणि पगाराची नवी श्रेणी कोणत्या तारखेपासून, हे लेखी मागा. त्याच आठवड्यात लांडराट्सआम्टमध्ये परवाना १६ डी वरून कुशल कामगाराच्या १८ ए मध्ये बदलायचा अर्ज टाका. कायमच्या निवासासाठी कुशल कामगार म्हणून तीन वर्षं आणि ३६ महिन्यांची पेन्शन वर्गणी मोजली जाते. ती तीन वर्षं १६ डी च्या काळात नाही, १८ ए चा परवाना मिळाल्यापासून सुरू होतात.